कोसंबी, दामोदर धर्मानंद (भूमितिज्ञ)

दामोदर धर्मानंद कोसंबी (३१ जुलै १९०७ – २९ जून १९६६) हे भारतीय गणितज्ञ. मराठी वाचक त्यांना प्राचीन भारताचा मार्क्सवादी दृष्टीने अभ्यास करणारे इतिहासकार म्हणून ओळखतो. मात्र अध्यापक आणि संशोधक म्हणून त्यांची नेमणूक प्रायः गणितातच झाली आणि गणितातही त्यांचा मूळ विषय अवकल भूमिती (कलनाच्या साहाय्याने वक्र रेषा व पृष्ठभाग यांचा अभ्यास करणारी शाखा) हा होता. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः त्यांच्या या कार्याचा विचार केला आहे.

त्यांचा जन्म गोव्यातील कोसबें येथे झाला. वडील धर्मानंद कोसंबी हे पाली भाषेचे आणि बौद्ध साहित्याचे विद्वान होते. हार्व्हर्ड विद्यापीठातील कामासाठी ते १९१८ मध्ये पुन्हा अमेरिकेला गेले, तेव्हा अकरा वर्षांच्या दामोदरांनाही सोबत घेऊन गेले. त्यांचे शालेय शिक्षण केंब्रिज (मॅसॅचूसेट्स) येथे झाले. मध्यंतरी काही काळ भारतात काढून १९२६ मध्ये ते हार्व्हर्डला परतले आणि १९२९ मध्ये सर्वोच्च श्रेणीत पदवीधर झाले. जॉर्ज बर्कहॉफ यांच्यासारख्या श्रेष्ठ गणितज्ञाचा सहवास त्यांना तेथे लाभला. एकाच विषयावर लक्ष द्यावे, असा बर्कहॉफ यांचा आग्रह होता. तो त्यांच्या शिष्याने पाळला नाही, हे पुढील चरित्रावरून दिसतेच. डॉक्टरेटसाठी न थांबता ते मायदेशी आले आणि बनारस हिंदू विद्यापीठात गणित शिकवू लागले.

१९३१ मध्ये ते अलीगढ मुस्लिम विद्यापीठात गेले. तेथील गणित विभागाचे प्रमुखपद पंचविशीतल्या आंद्रे वेल या फ्रेंच गणितज्ञाकडे होते आणि कोसंबी व टी. विजयराघवन यांना त्यांनीच निवडून आणले होते. या काळातील एक थट्टा गणिताच्या इतिहासात नोंदली गेली आहे. एका सहकाऱ्याची खोड मोडण्यासाठी वेल यांनी कोसंबींना एक मिस्किल युक्ती सुचवली. त्यानुसार कोसंबींनी ‘बूर्बाकी’ नावाच्या काल्पनिक गणितज्ञाचा सिद्धांत आधाराला घेऊन एक निबंध लिहिला आणि तो १९३१ मध्ये अलाहाबादच्या एका विद्वत्पत्रिकेत रीतसर छापून आला. वेल आणि त्यांच्या मित्रांचा ‘निकोला बूर्बाकी’ हा याच टोपणनावाने एकत्र लेखन करणारा विख्यात गट पॅरिसमध्ये त्यानंतर काही वर्षांनी स्थापन झाला. म्हणजे या नावाने गणिताच्या नियतकालिकात प्रथम प्रवेश केला तो एका गोमंतकीयाच्या लेखणीतून.

कोसंबींचे भूमितीतील मुख्य कार्य पथ-अवकाशांविषयी आहे. एकोणिसाव्या शतकातील जर्मन गणितज्ञ रीमान यांच्या भूमितीत आरंभी अंतर मोजण्याचे सूत्र दिलेले असते आणि त्यावरून दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा मार्ग, समांतरता व वक्रता या गोष्टी ठरतात. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात प्रिन्स्टन येथील आयझेनहार्ट व व्हेब्लेन यांनी हा क्रम उलटा करून, मार्गच मूळ मानून भूमिती उभारण्यास आरंभ केला होता. कोसंबींनी ही कल्पना अधिक व्यापक केली. फेकलेल्या दगडाचे आरंभीचे स्थान आणि वेग ठाऊक असले की त्याचा पुढचा सगळा मार्ग निश्चित होतो; द्वितीय कोटीच्या अवकल समीकरणांच्या (ज्यांत बदलाच्या दरातील बदलही येतो) कोणत्याही संहतीचे स्वरूप असेच असते. अशी संहती दिली असता, अंतराची कल्पना न वापरता केवळ तिच्या मार्गांवरून कोणती भूमिती निष्पन्न होते, हा त्यांचा प्रश्न होता. निर्देशांक पद्धती बदलली तरी ज्यांचे स्वरूप टिकून राहते अशा राशी शोधणे, हे त्याचे उत्तर मिळवण्याचे साधन होते. यांपैकी एका राशीवरून शेजारशेजारचे दोन मार्ग पुढे एकमेकांकडे झुकतात की दूर जातात, हे कळते.

या विषयावरील त्यांचा निबंध १९३३ मध्ये ‘मॅथेमाटिशे त्साइटश्रिफ्ट’ या जर्मन नियतकालिकाच्या ३७व्या खंडात प्रसिद्ध झाला. त्याच्या लगतच्या पानांवर एली कार्तां यांचे टिपण आहे. कोसंबींचे काम वाचून, तीच समस्या आपल्या पद्धतीने कशी सुटते हे कार्तां यांनी त्यात दाखवले आहे. अवकल भूमितीतील त्या काळच्या सर्वश्रेष्ठ गणितज्ञाने अलीगढच्या पंचविशीतल्या अध्यापकाला, तेही डॉक्टरेट नसलेल्या, असे ताबडतोब उत्तर द्यावे, यातच त्या प्रश्नाचे वजन दिसते. १९३९ मध्ये शिंग-शेन चर्न यांनी विषय आणखी पुढे नेला. तिघांच्या नावांवरून हा सिद्धांत ‘कोसंबी–कार्तां–चर्न सिद्धांत’ म्हणून ओळखला जातो. पुढे पीटर अँटोनेली यांच्यासारख्या गणितज्ञांनी तो जीवशास्त्रातील समीकरणांना लावला.

१९३३ मध्ये कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले. वडिलांनी पूर्वी तेथेच पाली शिकवली होती. १९३४ मध्ये त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळाले. पुण्यात त्यांच्या भूमितीला जोडीदार म्हणावा असा कोणी नव्हता, आणि याच काळात त्यांचे लक्ष संख्याशास्त्राकडे वळले. आहत नाणी (ठसे मारून बनवलेली प्राचीन नाणी) चलनात राहून किती झिजतात हे वजनावरून ठरवण्यासाठी त्यांनी ते वापरले आणि त्या वाटेने ते इतिहासात शिरले. १९४३ च्या त्यांच्या एका निबंधात, यादृच्छिक फलन साध्या घटकांच्या बेरजेच्या रूपात मांडण्याची, पुढे कारहुनेन व लोएव्ह यांच्या नावे रूढ झालेली पद्धत आधीच आढळते. १९४४ मध्ये त्यांनी गुणसूत्रावरील जनुकांमधील अंतर काढण्याचे सूत्र दिले. आनुवंशिकीचे अभ्यासक आजही ते ‘कोसंबी फलन’ या नावाने वापरतात. त्यांच्यापैकी अनेकांना हा कोसंबी भूमितिज्ञ होता याची कल्पनाही नसते.

१९४५ मध्ये होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. राहणे मात्र त्यांनी पुण्यातच ठेवले आणि डेक्कन क्वीनने ये-जा केली. १९४८-४९ मध्ये ते अमेरिकेत होते. त्या मुक्कामात त्यांनी शिकागो विद्यापीठात प्रदिश विश्लेषण (टेन्सर अ‍ॅनॅलिसिस) शिकवले. नंतर अविभाज्य संख्यांकडे वळून १९५९ मध्ये त्यांनी रीमान यांच्या अटकळीची (अविभाज्य संख्यांच्या वितरणाशी निगडित, अद्याप सिद्ध न झालेल्या विधानाची) सिद्धता संभाव्यतेच्या मार्गाने दिल्याचे मांडले. तो निबंध त्यांनी कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापला. ती सिद्धता गणितज्ञांनी मान्य केली नाही. तिच्यामुळे त्यांची प्रतिष्ठा बरीच खालावली आणि १९६२ मध्ये संस्थेने त्यांच्या नेमणुकीची मुदत वाढवली नाही. एकट्याने काम करण्याची जी सवय तरुणपणी त्यांच्या पथ्यावर पडली होती, तीच येथे नडली असे म्हणता येईल.

पुणे येथे झोपेतच त्यांचे निधन झाले. अविभाज्य संख्यांवरील पुस्तकाचे हस्तलिखित त्यांनी मृत्यूपूर्वी थोडेच दिवस आधी प्रकाशकाकडे धाडले होते. ते नंतर सापडले नाही. गणित व संख्याशास्त्रावरील त्यांचे निवडक निबंध रामकृष्ण रामस्वामी यांच्या संपादनाखाली २०१६ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले.