मास्टर कृष्णराव : बालनटापासून ‘वंदे मातरम्’च्या चालीपर्यंत

‘वंदे मातरम्’ला दीडशे वर्षं होत आली म्हणून २०२५च्या अखेरीस या गीताची चर्चा पुन्हा रंगली. कडवी किती गायची, १९३७मध्ये काय ठरलं, १९५०मध्ये काय झालं, यावर बरंच बोललं गेलं. चालीबद्दल मात्र फारच थोडं. १९४७ ते १९५० या काळात वादाचा एक मोठा भाग चालीचाच होता. आणि त्या चालीसाठी पदरचा वेळ नि पैसा खर्चून दिल्लीपर्यंत धडक मारणारा माणूस आळंदीत जन्मलेला, नाटक कंपनीत बालनट म्हणून वाढलेला गवई होता. मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर हे नाव महाराष्ट्रात नाट्यपदांसाठी आणि ‘प्रभात’च्या गाण्यांसाठी घेतलं जातं. त्यांच्या आयुष्यातलं हे प्रकरण समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागतं.

कृष्णरावांचा जन्म १८९८चा. संगीत नाटकांचा तो भराचा काळ. बायका रंगभूमीवर येत नव्हत्या, त्यामुळे गोड गळ्याच्या पोरांना कंपन्यांत मोठी मागणी असे. दहा-बारा वर्षांचा मुलगा कंपनीच्या बिऱ्हाडात राहायला जायचा, सकाळी तालीम, रात्री प्रयोग, आणि मधल्या वेळात जमेल तेवढं शिक्षण. पंधराव्या वर्षाच्या आसपास आवाज फुटला की पुष्कळ मुलांचा तिथेच निकाल लागायचा.

कृष्णरावांचे गुरू भास्करबुवा बखले स्वतः यातून गेले होते. किर्लोस्कर मंडळीत ‘रामराज्यवियोग’मधली त्यांची कैकेयी गाजली, पुढे आवाज फुटला आणि कंपनीतली किंमत संपली. तिथून ते उस्तादांच्या दारी गेले. फैज महंमद खाँ, नत्थन खाँ, अल्लादिया खाँ अशा वेगवेगळ्या घराण्यांच्या तालमी घेऊन ते थोर गवई झाले. १९११मध्ये पुण्यात त्यांनी गायनाची जी संस्था काढली, ती आजही चालू आहे.

कृष्णराव लहानपणी नाट्यकलाप्रवर्तक मंडळीत होते. सवाई गंधर्व त्याच कंपनीतले, त्यामुळे सुरुवातीचे धडे त्यांच्याकडून मिळाले. मग ते भास्करबुवांकडे आले आणि गंडा बांधून रीतसर शिष्य झाले. बुवांबरोबर ते गंधर्व नाटक मंडळीत शिरले आणि १९२२मध्ये बुवा गेल्यावर कंपनीच्या चालींची जबाबदारी त्यांच्याच खांद्यावर आली. तेव्हा त्यांचं वय होतं चोवीस.

नंतरची दहाएक वर्षं ‘मेनका’, ‘विधिलिखित’, ‘कान्होपात्रा’, ‘अमृतसिद्धी’ अशी नाटकं त्यांनी संगीतबद्ध केली. यातली ‘कान्होपात्रा’ (१९३१) महत्त्वाची. ‘जोहार मायबाप जोहार’ किंवा ‘अगा वैकुंठीच्या राया’ ऐकताना बालगंधर्वांच्या गळ्यातल्या हरकतींकडेच लक्ष जातं. पण त्या हरकती क्षणभर बाजूला ठेवून नुसती चाल गुणगुणून पाहावी. ती वारकऱ्याला टाळावर म्हणता येते. मधल्या जागा गवयाने भराव्यात, नाही भरल्या तरी अभंग उभा राहतो. रियाज नसलेल्या माणसाच्या तोंडी चाल बसली पाहिजे आणि तयारीच्या गवयालाही तीत करायला काही उरलं पाहिजे, ही कसोटी कृष्णरावांनी आयुष्यभर पाळली असं माझं मत आहे. ही नजर बैठकीत येत नाही. पदाला ‘वन्समोअर’ केव्हा मिळतो आणि दुसऱ्या दिवशी पोरं रस्त्यात कुठली ओळ म्हणत फिरतात, हे लहानपणापासून पाहिलेल्या माणसाला ती येते.

बोलपट आले आणि नाटक कंपन्या बसल्या. बालगंधर्व ‘प्रभात’मध्ये गेले आणि ‘धर्मात्मा’ (१९३५) या चित्रपटात एकनाथ झाले. त्याचं संगीत कृष्णरावांचं. गंधर्वांचं आणि पडद्याचं फारसं जमलं नाही, कृष्णरावांचं मात्र जमलं. ‘अमरज्योती’, ‘गोपालकृष्ण’, ‘माणूस’, ‘शेजारी’ ही ओळ सर्वांना पाठ आहे. ‘माणूस’मधल्या ‘कशाला उद्याची बात’ या गाण्यात एकामागून एक भाषा येतात आणि प्रत्येक भाषेसरशी चालीचा ढंग पालटतो. ‘शेजारी’तलं ‘लखलख चंदेरी’ हे तर अख्ख्या गावाने मिळून गायचं गाणं. ‘वंदे मातरम्’च्या संदर्भात मला हेच गाणं सर्वांत जवळचं वाटतं, कारण समूहाच्या श्वासाचा अंदाज घेऊन ओळी कशा तोडायच्या, हे त्यात स्वच्छ दिसतं. पुढे ‘कुलवधू’ नाटकातलं ‘बोला अमृत बोला’, मग ‘भक्तीचा मळा’ (१९४४) चित्रपटात संगीताबरोबर स्वतः सावता माळ्याची भूमिका. बालनट इतक्या वर्षांनी असा पुन्हा तोंडाला रंग लावून उभा राहिला.

आता मूळ मुद्दा.

बंकिमचंद्रांचं हे गीत १८८२मध्ये ‘आनंदमठ’मध्ये पुस्तकरूपाने आलं. १८९६मध्ये कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात रवींद्रनाथांनी ते गायलं. त्यानंतर प्रत्येक प्रांताने, जवळपास प्रत्येक गवयाने त्याला आपापली चाल दिली. महाराष्ट्रातल्या गवयांचा या गीतावर विशेष जीव होता. १९२३च्या काकीनाडा अधिवेशनात अध्यक्षांनी आक्षेप घेतला असतानाही विष्णु दिगंबर पलुसकरांनी ते गाऊन पूर्ण केलं. आक्षेप धार्मिक होता. गीताच्या पुढच्या कडव्यांत मातृभूमीला दुर्गेच्या रूपात पाहिलं आहे आणि अनेक मुसलमान नेत्यांना ते म्हणणं मान्य नव्हतं. शेवटी १९३७मध्ये काँग्रेस कार्यकारिणीने सार्वजनिक सभांत पहिली दोनच कडवी गावीत असं ठरवलं. त्या दोन कडव्यांत पाणी आहे, फळं आहेत, मलयवारा आहे, चांदणी रात्र आहे.

कृष्णरावांची चाल झिंझोटीत आहे. हा खमाज थाटातला राग, निषाद कोमल, बाकी स्वर शुद्ध. मंद्र धैवतावरून षड्जावर येऊन ‘रे म ग’ असा चढत जाणारा त्याचा तुकडा भजनांमुळे आणि लोकगीतांमुळे सगळ्यांच्या कानात आधीच बसलेला असतो. तार सप्तकात फार जावं लागत नाही, त्यामुळे बायका, पुरुष, मुलं एकत्र गाऊ शकतात. कृष्णराव मैफलीच्या शेवटी हे गीत म्हणत. स्वातंत्र्याआधी मुंबईच्या रेडिओ केंद्रावर एकदा कार्यक्रमाच्या ओघात त्यांनी ते सुरू केलं आणि अधिकाऱ्याने प्रक्षेपणच बंद पाडलं. कृष्णरावांनी रेडिओवर गाणं सोडून दिलं. गवयाच्या दृष्टीने त्या काळात रेडिओ म्हणजे नाव आणि नियमित बिदागी. दोन्हींवर त्यांनी पाणी सोडलं आणि स्वातंत्र्य येईपर्यंत तिकडे पाऊल टाकलं नाही.

१४ ऑगस्ट १९४७च्या मध्यरात्री भरलेल्या संविधान सभेच्या बैठकीची सुरुवात ‘वंदे मातरम्’नेच झाली. पण त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत भारतीय शिष्टमंडळाकडे राष्ट्रगीताची मागणी झाली. त्यांच्याजवळ ‘जन गण मन’ची तबकडी होती, ती तिथल्या वाद्यवृंदाने बसवली आणि वाजवली. ती आवडली. परदेशांतल्या वकिलातींना आणि लष्करी बँडना काहीतरी वाजवायला हवंच होतं, म्हणून सरकारने तात्पुरतं ‘जन गण मन’ घेतलं. २५ ऑगस्ट १९४८ रोजी पंतप्रधानांनी सभागृहात याचं सविस्तर निवेदन केलं. त्यांचं म्हणणं असं, की राष्ट्रगीतात शब्दांपेक्षा सुरावटीला महत्त्व असतं. ती वाद्यवृंदाला आणि बँडला, देशात आणि परदेशातही, वाजवता आली पाहिजे. ‘वंदे मातरम्’चा इतिहास थोर आहे, पण त्याची चाल वाद्यवृंदाला सोपी नाही आणि तिच्यात पुरेशी गती नाही.

हा आक्षेप आज अनेकांना निव्वळ सबब वाटतो. मला तसं वाटत नाही. आपली पारंपरिक चाल मिंडेवर चालते. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं हे ट्रम्पेट-क्लॅरिनेटच्या ताफ्याला एकसारखं जमत नाही. शिवाय बँडवाल्यांना कागदावर लिहिलेली स्वरलिपी लागते, मुख्य सुराखाली दुसरे सूर लागतात, आणि पावलाला ठोका लागतो. ज्या चाली तेव्हा प्रचलित होत्या, त्यांतल्या बऱ्याचशा या परीक्षेत नापासच झाल्या असत्या.

कृष्णरावांचं मोठेपण असं, की त्यांनी हा आक्षेप मनाला लावून घेतला नाही. ती एक अडचण आहे आणि ती सोडवता येते, असं धरून ते कामाला लागले. झिंझोटीतली आपली चाल त्यांनी पुन्हा हातात घेतली. मिंडीच्या जागी सुटे, सरळ स्वर ठेवले. लय पावलावर बसेल अशी केली. सभेत गाण्यासाठी एक आणि संचलनाला वाजवण्यासाठी एक, असे वेगळे आराखडे केले. मुंबईतल्या एका जाणकार बँडमास्तराची मदत घेऊन पाश्चात्त्य स्वरलेखन करवून घेतलं, बँडवर वाजवून घेतलं, ध्वनिमुद्रणं केली. मग दिल्लीला जाऊन पंतप्रधानांसमोर आणि संविधान सभेच्या सदस्यांसमोर प्रात्यक्षिकं दिली. पन्नाशीतला नावाजलेला गवई स्वखर्चाने पुन्हापुन्हा दिल्लीच्या फेऱ्या मारतो आणि आपलं म्हणणं भाषण करून न मांडता वाजवून दाखवतो, याला दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

म्हणजे चालीचा जो मुद्दा १९४८मध्ये मांडला गेला होता, त्याला १९५० उजाडायच्या आत उत्तर मिळालं होतं. ते उत्तर कितपत पुरेसं होतं, यावर मतभेद होऊ शकतात. ‘जन गण मन’ची चाल तोवर जगभर वाजून रुळली होती आणि ती मुळातच संचलनाला सोयीची आहे, हेही मान्य केलं पाहिजे. पण सभागृहात या दोन चाली समोरासमोर ठेवून चर्चा झाली नाही, मतदानही झालं नाही. २४ जानेवारी १९५० रोजी अध्यक्षांनी निवेदन केलं : ‘जन गण मन’ हे राष्ट्रगीत, आणि स्वातंत्र्यलढ्यात ऐतिहासिक कामगिरी बजावलेल्या ‘वंदे मातरम्’ला त्याच्या बरोबरीचा मान. सदस्यांनी बाकं वाजवली आणि विषय संपला. ठराव आणला असता तर १९३७चा सगळा वाद त्या सभागृहात पुन्हा उसळला असता, आणि फाळणीला तीन वर्षंही झाली नव्हती. निवेदनाची वाट का धरली गेली असेल, हे त्यामुळे समजू शकतं. पण मग चालीची अडचण पुढे करायला नको होती, असं मात्र राहून राहून वाटतं. खरी अडचण चालीबाहेरची असेल, तर ती कुठल्याही बँडमास्तराने सुटणारी नव्हती, आणि कृष्णरावांना ती दोन-तीन वर्षांची धावपळ टळली असती. बरोबरीचा मान हे शब्द त्यांच्या खटपटीमुळे आले, असं त्यांचे चाहते सांगतात. तसा थेट धागा दाखवणं अवघड आहे, पण गीत सरकारदरबारी विस्मरणात जाऊ नये म्हणून धडपडणाऱ्यांत ते पुढे होते, याबद्दल दुमत नाही.

आकाशवाणीच्या सकाळच्या सभेची सुरुवात ‘वंदे मातरम्’नेच होते, पण तिथे ऐकू येणारी चाल देस रागावर बांधलेली आहे. झिंझोटीतली चाल पुण्या-मुंबईतल्या काही कार्यक्रमांत, शिष्यांच्या आणि घरच्यांच्या प्रयत्नांतून अधूनमधून ऐकायला मिळते. देसमधली चाल सुंदर आहे, गवयाच्या गळ्यात तर फारच. शाळेच्या मैदानावर शेकडो मुलं एकदम म्हणायला लागली की शुद्ध-कोमल अशा दोन निषादांशी आणि वरच्या स्वरांशी त्यांची जी झटापट होते, ती कुठल्याही संगीतशिक्षकाला विचारावी.

या प्रकरणानंतर कृष्णराव गप्प बसले नाहीत. डॉ. आंबेडकरांच्या विनंतीवरून त्यांनी पालीतल्या बुद्धवंदनेला स्वर दिले आणि १९५६मध्ये तिची तबकडी निघाली. लाखोंच्या समुदायाने म्हणायचं पठण संगीतबद्ध करण्यासाठी हाच माणूस आठवावा, हे ‘वंदे मातरम्’च्या चालीबद्दल पुष्कळ काही सांगून जातं. १९५९च्या ‘कीचकवध’मध्ये ‘धुंद मधुमती’सारखं गाणं त्यांनी दिलं, तेव्हा ते साठीला टेकले होते. गुरूंनी काढलेल्या पुण्यातल्या संस्थेची धुरा वाहिली, आपल्या बंदिशी स्वरलिपीसह सात भागांत छापून काढल्या. १९७१मध्ये पद्मभूषण मिळालं. १९७४मध्ये त्यांचं निधन झालं.

बालनटाने गवई होण्याची ही परंपरा त्यांच्यानंतरही चालू राहिली, फक्त कंपनीच्या जागी स्टुडिओ आला. ‘गोपालकृष्ण’मध्ये कृष्ण झालेला आणि ‘माणूस’मध्ये चहावाल्या पोऱ्याचं काम केलेला मुलगा म्हणजे राम मराठे. ते कृष्णरावांकडे शिकले, मोठे ख्यालगायक झाले आणि १९६३मध्ये ‘मंदारमाला’ या नाटकात भूमिका आणि संगीत दिग्दर्शन दोन्ही करून त्यांनी पडत्या काळातल्या संगीत रंगभूमीला पुन्हा गर्दी मिळवून दिली.