प्रत्येक बदल आधी एफवायला : मुंबई विद्यापीठातील पहिल्या वर्षाची पार्श्वभूमी

पदवीच्या रचनेत काहीही बदलायचे ठरले की परिपत्रकात एक शब्दप्रयोग हमखास येतो : ‘प्रथम वर्षापासून टप्प्याटप्प्याने’. त्यामागचे कारण पटण्यासारखे आहे. अर्ध्या वाटेवर असलेल्या मुलांचे नियम मध्येच बदलता येत नाहीत, म्हणून नवी योजना नुकत्याच आलेल्या तुकडीपासून सुरू होते आणि तिच्याबरोबर एकेक वर्ष वर सरकते. व्यवहारात मात्र ती तुकडी शेवटपर्यंत ‘पहिलीच बॅच’ राहते. सीनियरच्या नोट्स तिच्या उपयोगाच्या नसतात, मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिकांचे संच चालत नाहीत आणि पेपर कसा येईल हे शिकवणाऱ्यांनाही नीट माहीत नसते. गेल्या पंधरा वर्षांत मुंबई विद्यापीठाच्या एफवायवर ही वेळ निदान तीनदा आली. सध्याचा मेजर-मायनरचा, म्हणजे नव्या शिक्षण धोरणातल्या मुख्य आणि दुय्यम विषयांचा, गोंधळ त्यातला ताजा.

विद्यापीठ १८५७चे, लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभे राहिलेले. शिकवायचे कॉलेजांनी, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची विद्यापीठाने. स्वतःचे अध्यापन विभाग १९१९पासून पुढे सुरू झाले, तेही पदव्युत्तर. आजही पहिल्या वर्षाचा विद्यार्थी विद्यापीठात शिकतो ते कागदोपत्रीच. मुंबई, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग एवढ्या पट्ट्यात पसरलेली सातशेहून अधिक कॉलेजे या विद्यापीठाशी संलग्न आहेत. (१९८५मध्ये गोवा विद्यापीठ होईपर्यंत गोव्यातली कॉलेजेही इथलीच होती.) वेंगुर्ल्याच्या किंवा विरारच्या मुलाने तीन वर्षांत कलिना, म्हणजे विद्यापीठाचे मुंबईतले संकुल, पाहिलेच नाही, यात कुणाला नवल वाटत नाही. पुष्कळांची पहिली फेरी निकाल लागल्यावर होते, गुणपत्रिकेतले नाव दुरुस्त करून घ्यायला.

जुनी रचना अकरावी मॅट्रिक आणि पुढे चार वर्षे अशी होती : फर्स्ट इयर, इंटर, ज्युनिअर बीए, सीनियर बीए. सोळाव्या वर्षी मुलगा शाळेतून थेट कॉलेजात यायचा, आणि खरा घाम इंटरला फुटायचा. १९७०च्या दशकात १०+२+३ आले. एकूण वर्षे पंधराच राहिली, पण शाळा आणि कॉलेज यांच्यामधली रेघ सरकली. महाराष्ट्रात अकरावी-बारावीचे वर्ग मोठ्या प्रमाणावर कॉलेजांच्याच इमारतींत भरले. त्यामुळे पहिले लेक्चर, पहिला बंक, कँटीनचा पहिला कटिंग हे सगळे अकरावीतच उरकू लागले. त्याच कॉलेजात राहिलेल्या ‘इन-हाउस’ मुलासाठी एफवाय हे तिसरे वर्ष असते. बाहेरून, विशेषतः गावाकडच्या ज्युनिअर कॉलेजातून आलेल्या मुलीसाठी मात्र तेच खरोखरीचे पहिले. तिचे प्रवेशही इन-हाउसच्या जागा भरल्यानंतर उरलेल्या यादीतून होतात. एकाच वर्गात दोन जातींचे एफवाय बसलेले असतात, आणि कुठलेही परिपत्रक लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा पहिलीच जात असते.

त्या काळातली आणखी एक गोष्ट नव्या वाचकाला सांगावी लागते. वार्षिक पद्धतीत एफवायची परीक्षा विद्यापीठाच्या वतीने कॉलेजच घेई आणि पदवीचा वर्ग टीवायच्या, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या, गुणांवर ठरे. एफवायला पास होण्यापलीकडे फारसे काही पणाला लागलेले नसायचे. नाटकाच्या तालमी, एनएसएसचे कॅम्प, फेस्टिव्हलमध्ये खुर्च्या उचलण्यापासून सुरुवात, हे सारे एफवायच्या अंगावर पडायचे, कारण एफवायला वेळ असायचा.

तो वेळ २०११-१२मध्ये गेला. त्या जूनमध्ये बीए, बीकॉम, बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला श्रेयांकावर (क्रेडिटवर) आधारित सत्र पद्धत लागू झाली : वर्षाला दोन सत्रे आणि प्रत्येक विषयाचे १०० गुण ६०-४० असे विभागलेले, म्हणजे साठची लेखी परीक्षा आणि चाळीस गुण अंतर्गत.

भांडण या चाळिसावरून झाले. त्यातले मोठे वाटे वर्गचाचणी आणि असाइनमेंट यांचे. राहिलेल्या दहापैकी पाच गुण वर्गातल्या सक्रिय सहभागासाठी होते आणि पाच जबाबदार विद्यार्थी म्हणून एकूण वर्तन, बोलण्या-वागण्याची रीत आणि नेतृत्वगुण यांसाठी. आता बीकॉमची एक तुकडी १२० जणांची. एका प्राध्यापकाकडे अशा चार तुकड्या असल्या, तर ४८० असाइनमेंट तपासायच्या आणि ४८० जणांच्या नेतृत्वगुणांना पाचपैकी गुण द्यायचे, तेही ज्यांची नावे पाठ व्हायच्या आत सत्र संपते अशा मुलांना. बारावीचा निकाल लागून, तीन मेरिट लिस्ट निघून, वर्ग स्थिर व्हायला जुलै उजाडतो. मग दहीहंडी, गणपती, आणि ऑक्टोबरात परीक्षा. वागणुकीचे गुण सरसकट पाचपैकी चार देऊन टाकणे, हा त्यावरचा माणसासारखा उपाय होता. तो किती ठिकाणी केला गेला याची नोंद कुठे असणार नाही. असाइनमेंटचे काम कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सवाल्याने हलके केले.

बदलाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे खोटे नव्हते. वर्षभरात एकच परीक्षा, त्यामुळे डिसेंबरपर्यंत वर्ग रिकामे आणि मार्चमध्ये गाइड, ही जुनी तऱ्हा होती. वर्षभर थोडे थोडे मूल्यमापन व्हावे ही कल्पना मुळात चांगलीच आहे. पण तीस मुलांच्या वर्गासाठी सुचलेली कल्पना १२०च्या वर्गावर घातली गेली, आणि तुकडी लहान करण्याचा खर्च कुणीच उचलला नाही. त्या वेळच्या चर्चेत हा मुद्दा शिक्षकांच्या कामचुकारपणाखाली दाबला गेला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

उत्तीर्णतेचा नियम त्याहून चमत्कारिक होता. दोन्ही भागांत स्वतंत्रपणे ४० टक्के हवेत, म्हणजे अंतर्गतमध्ये ४०पैकी १६ आणि लेखीत ६०पैकी २४. ज्याला अंतर्गत ३८ आणि लेखीत २२ मिळाले त्याची बेरीज ६०, पण ग्रेस मिळाले नाहीत तर तो नापास. शेजारचा १६ आणि २४ वर, म्हणजे ४०ला, पास. घरी वडिलांना हे समजावून सांगताना मुलांची जी तारांबळ उडे, तिची कल्पना नियम करणाऱ्यांना असावी असे वाटत नाही. वर श्रेणी सातच. ७० टक्क्यांपासून पुढे सगळे ‘ओ’, त्यामुळे ७१वाला आणि ९४वाला एकाच अक्षरात. पहिल्या सत्रात कितीही विषय राहिले तरी दुसऱ्या सत्राला बसता येई, ही सवलत दिलाशाची होती. पण त्याचा उलटा परिणाम असा, की एप्रिलमध्ये दुसऱ्या सत्राच्या पेपरांबरोबर पहिल्याची एटीकेटीही (राहिलेल्या विषयांची फेरपरीक्षा) डोक्यावर बसायची. वार्षिक पद्धतीत ‘केटी लागली’ हे उन्हाळ्यात कळायचे. आता ते ऐन वर्षाच्या मध्यात कळू लागले.

पुढे ६०-४० चे ७५-२५ झाले. वर्तनाचे वेगळे पाच गुण गेले. २०१६-१७मध्ये पुन्हा एफवायपासून निवडीवर आधारित श्रेयांक पद्धत आली, दहा गुणांची श्रेणी आली आणि बीए-बीकॉमसाठी अंतर्गत गुणच काढून पूर्ण शंभरांचा पेपर आला. पाच वर्षांपूर्वी जे अटळ म्हणून सांगितले होते, ते या अभ्यासक्रमांतून मुकाट्याने गेले. मागे राहिलेल्यांसाठी काही काळ एकाच विषयाचे तीन प्रकारचे पेपर निघत, ६०चा, ७५चा आणि १००चा, आणि परीक्षेच्या वेळापत्रकात तशा कंसातल्या नोंदी असत. आपला कंस कोणता, हे न कळल्याने चुकीच्या दिवशी येऊन बसलेला एखादा जुना विद्यार्थी हॉलवर हमखास सापडे.

वर्गप्रतिनिधीचा मुद्दा इथे थोडक्यात. १९८९मध्ये मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला, कॉलेजातल्या निवडणुकांतली हाणामारी ऐरणीवर आली आणि १९९४च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका संपवल्या. प्रत्येक वर्गातून मागच्या परीक्षेत गुणवत्ता दाखवणारा एक विद्यार्थी प्राचार्यांनी नेमायचा, असे ठरले. एफवायची मागची परीक्षा म्हणजे बारावी. त्यामुळे कुणी कुणाला ओळखायच्या आतच सीआर ठरलेला असतो, आणि तो बहुधा पहिल्या बाकावरचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. २०१६च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका परत आणल्या, पण त्या २०१९मध्ये विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर पुढे ढकलल्या गेल्या आणि मग कोविड आला.

कोविडच्या दोन तुकड्या वेगळ्याच. २०२०ला आलेल्यांचे अख्खे एफवाय मोबाइलवर गेले. परीक्षा एमसीक्यू झाल्या. कॉलेजे २० ऑक्टोबर २०२१ला उघडली तेव्हा ही मुले एसवायला होती आणि त्यांना लायब्ररी कुठल्या मजल्यावर आहे हे विचारावे लागत होते. त्यांच्यामागची तुकडी बारावीची परीक्षाच न देता, ९९.६३ टक्के निकालातून आली. त्या वर्षीच्या मेरिट लिस्टवर न बोललेलेच बरे.

मग राष्ट्रीय शिक्षण धोरण. राज्यात शासन निर्णय २० एप्रिल २०२३चा. स्वायत्त कॉलेजांनी त्याच जूनमध्ये सुरुवात केली आणि संलग्न कॉलेजांत २०२४-२५च्या एफवायपासून. सत्राला २२ श्रेयांक, वर्षाला ४४. तीन वर्षांचे १३२, चार वर्षांचे १७६. मेजर विषय एक आणि त्याच्याभोवती ओई (खुला ऐच्छिक विषय), व्हीएससी (व्यावसायिक कौशल्य), एसईसी (कौशल्यवर्धन), एईसी (क्षमतावर्धन), व्हीईसी (मूल्यशिक्षण), आयकेएस (भारतीय ज्ञानप्रणाली), सीसी (सह-अभ्यासक्रम). यातले बरेच दोन-दोन श्रेयांकांचे. पहिल्या आठवड्यात एफवायचा विद्यार्थी ही अक्षरे फलकावरून उतरवून घेतो आणि ‘ओई म्हणजे काय घेऊ’ हा प्रश्न ऑफिसच्या खिडकीशी विचारतो. नियमाप्रमाणे ओई आपल्या शाखेबाहेरचा हवा. कॉमर्सच्या मुलीने इतिहास किंवा मानसशास्त्र घ्यावे, अशी ती कल्पना. पण फक्त कॉमर्स शिकवणाऱ्या कॉलेजात इतिहासाचा प्राध्यापक आणायचा कुठून? मग ज्या विषयाचा माणूस उपलब्ध तो विषय सगळ्या वर्गाची ‘निवड’ होतो. सीसीमध्ये एनएसएस, एनसीसी, खेळ, सांस्कृतिक काम आले. पूर्वी एनएसएसवाल्याला दहा वाढीव गुण मिळत आणि बाकीचे त्याला हसत. आता तेच काम अभ्यासक्रमात आहे आणि हजेरीही लागते. हे सगळे श्रेयांक डिजिटल खात्यात जमा होतात, त्यासाठी प्रवेशाच्या कागदांत अपार आयडीची (विद्यार्थ्याच्या ओळख क्रमांकाची) भर पडली आहे. एक वर्ष करून आणखी चार श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप पुरी केली, तर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्याची सोय आहे. घरची ओढाताण म्हणून एफवायनंतर कॉलेज सोडणारी मुले पूर्वीही होती, त्यांच्या हातात निदान कागद येईल, हे या योजनेचे श्रेय मान्य करायला हवे.

२०२४-२५मध्येच बीएमएस, बीबीएसारखे व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम तांत्रिक शिक्षणाच्या केंद्रीय नियामकाखाली गेले आणि त्यांना सीईटी, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा, सक्तीची झाली. अनेकांना परीक्षा द्यायची हे कळले तेव्हा अर्जाची मुदत उलटून गेली होती. मग जास्तीची सीईटी घ्यावी लागली. काही कॉलेजांनी अभ्यासक्रमाच्या नावापुढे बीकॉम लावून ती अडचणच टाळली. सीईटीतून आलेल्या मुलांचे एफवाय इतरांपेक्षा बरेच उशिरा सुरू झाले.

चौथ्या वर्षाचा निर्णय २०२४च्या तुकडीला २०२७मध्ये घ्यावा लागेल. संशोधनासह ऑनर्स करायचे तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के हवेत, अशी केंद्रीय आराखड्याची अट आहे. म्हणजे टीवायलाच जोर लावून वर्ग मिळवण्याचे दिवस सरले. पहिल्या सत्रातला, कॉलेजने निवडून दिलेला दोन श्रेयांकांचा ओईसुद्धा त्या हिशेबात येतो.