५६ लाख टन आणि ६ लाख टन: क्रिलच्या दोन आकड्यांतला घोळ

अंटार्क्टिकाच्या समुद्रातल्या क्रिलचा, म्हणजे जवळ्यासारख्या दिसणाऱ्या लहानशा जिवाचा, विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं: ‘शास्त्रज्ञांनी वर्षाला ६ लाख २० हजार टनांची मर्यादा काढून दिली आहे.’ दुसरं: ‘साठ्याच्या जेमतेम १ टक्का क्रिल पकडतात, पेंग्विनांना काय धोका?’ पहिलं वाक्य चूक आहे. दुसऱ्यातला आकडा खरा आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा आहे. दोन्हींच्या मुळाशी एकच गोंधळ आहे: मासेमारीची मर्यादा आणि ट्रिगर पातळी (वाटणीची रीत ठरेपर्यंत जिथे थांबायचं तो आकडा) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेच कुणी लक्षात घेत नाही.

किरकोळ गैरसमज आधी उरकते. क्रिल म्हणजे आपला जवळा नव्हे. दिसतो तसाच, पण कूळ वेगळं. लांबी ६ सेंटिमीटरपर्यंत, वजन एक-दोन ग्रॅम. आणि ‘कोटा’ हा शब्द इथे कृपा करून वापरू नका. कोटा म्हटलं की प्रत्येक देशाचा ठरलेला वाटा डोळ्यांसमोर येतो. क्रिलमध्ये तसा वाटा कुणालाच नाही. सगळी जहाजं एकाच मापातून उचलतात, जो आधी पोहोचेल तो घेतो.

नियम करतो तो कॅमलार, म्हणजे अंटार्क्टिकाच्या सागरी सजीवांचं संवर्धन पाहणारा आयोग. त्याचा करार १९८२मध्ये अमलात आला, कचेरी टास्मानियातल्या हॉबार्टला आहे, भारत १९८६पासून सदस्य आहे. निर्णय एकमतानेच होतात. क्रिलची आजची मासेमारी दक्षिण अटलांटिकातल्या ‘क्षेत्र ४८’मध्ये चालते, म्हणजे अंटार्क्टिक द्वीपकल्प, साउथ ऑर्कनी, साउथ जॉर्जिया आणि साउथ सँडविच बेटांभोवती.

आता मर्यादा. ही खरोखर शास्त्रातून आलेली आहे. २००० साली चार देशांच्या जहाजांनी ध्वनिलहरी सोडून या समुद्रातला क्रिल मोजला. ती मोजणी नंतर सुधारली, तेव्हा साठा ६ कोटी ३ लाख टन निघाला. त्यातला किती काढायचा, यासाठी दोन कसोट्या आहेत. वीस वर्षांत अंडी घालणारा साठा मूळच्या २० टक्क्यांखाली जाण्याची शक्यता १० टक्क्यांहून जास्त नको. आणि वीस वर्षांनंतरही मूळ साठ्याच्या ७५ टक्के क्रिल समुद्रात शिल्लक हवा. दोन्हींतून जो आकडा लहान येईल तो धरायचा. तो निघाला साठ्याच्या ९.३ टक्के, म्हणजे ५६ लाख १० हजार टन.

त्या ७५ टक्क्यांपाशी मी नेहमी थांबते. याच कॅमलारच्या नियमांत टूथफिश या माशासाठी निम्मा साठा शिल्लक ठेवला तरी चालतो. क्रिलसाठी तीन चतुर्थांश, कारण पेंग्विन, सील आणि देवमासे त्याच्यावर जगतात. खाणाऱ्यांचा वाटा आधी बाजूला काढून मग माणसाचं माप ठरवायचं, हे १९८०च्या करारात लिहून ठेवणं ही फार मोठी गोष्ट होती. मला तिचा आदर वाटतो.

ट्रिगर पातळीचा या हिशेबाशी काहीही संबंध नाही. ६ लाख २० हजार हा आकडा आला कुठून? पूर्वी क्षेत्राच्या प्रत्येक भागात ज्या वर्षी सर्वांत जास्त क्रिल पकडला गेला, त्या त्या वर्षांचे आकडे घेतले आणि त्यांची बेरीज केली. बस्स. साठा किती, पेंग्विनांच्या पिल्लांना किती लागतो, हे त्यात कुठेच नाही. म्हणून तर १९९१मध्ये मर्यादा १५ लाख टन होती, आज ५६ लाख आहे, आणि ट्रिगर पातळी मात्र जागची हललेली नाही.

ती आहे दाराचा अडसर. मोठी मर्यादा लहान लहान भागांत वाटून देण्याची रीत जोवर सगळ्यांना मान्य होत नाही, तोवर ६ लाख २० हजारांच्या पुढे जायचं नाही, एवढाच तिचा अर्थ. ‘क्रिलला इतकं सोसतं’ असं ती सांगत नाही. ‘कुठून किती काढायचं ते अजून ठरलेलं नाही, म्हणून थांबा’ असं सांगते.

एक टक्क्याची फसगतही इथेच होते. २०१९च्या मोजणीत साठा ६ कोटी २६ लाख टन होता, त्याचे ६ लाख २० हजार म्हणजे १ टक्का. गणित बरोबर. पण राज्यात पाऊस सरासरीइतका झाला म्हणून माण तालुक्यातली विहीर भरत नाही. पिल्लू लहान असताना ॲडेली पेंग्विनांतला एक पालक घरट्यावर थांबतो आणि दुसरा समुद्रावर जातो. त्याला मिळेल तो क्रिल पोटात घालून पिल्लू उपाशी पडायच्या आत परतायचं असतं. त्या पल्ल्याच्या पलीकडे लाखो टन क्रिल असला तरी त्याच्या कामाचा नाही. आणि जहाजंही पसरून मासेमारी करत नाहीत. थवा दाट असतो तिथेच जातात, आणि काही जहाजं तर जाळं पाण्यात ठेवून पंपाने क्रिल सलग वर खेचत राहतात. कॅमलारच्या निरीक्षण कार्यक्रमात पालकाची फेरी किती वेळ चालली, घरटं सोडताना पिल्लाचं वजन किती होतं, याच्या नोंदी वर्षानुवर्षं घेतात, त्या यासाठीच. ‘एकूण किती’ याचं उत्तर या नोंदींत सापडणार नाही. ‘कुठून आणि कधी’ याचं सापडेल.

याची जाणीव असल्यामुळेच २००९मध्ये आणखी एक नियम आला. अडसराआतलं मापही एका जागी ओतायचं नाही: द्वीपकल्पापाशी जास्तीत जास्त २५ टक्के, साउथ ऑर्कनी आणि साउथ जॉर्जियाला प्रत्येकी ४५, साउथ सँडविचला १५. बेरीज १३० होते. ती चूक नाही, बर्फाप्रमाणे जहाजांना इकडेतिकडे हलता यावं म्हणून दिलेली सवलत आहे. द्वीपकल्पाचे १ लाख ५५ हजार टन भरले की तो भाग बंद व्हायचा, आणि बऱ्याच हंगामांत तो मुदतीआधी बंद झाला. माझ्या मते पेंग्विनांचं खरं रक्षण ५६ लाखांच्या मर्यादेने केलं नाही, या एका ओळीने केलं.

२०२४च्या हॉबार्टच्या बैठकीत या नियमाला मुदतवाढ देण्यावर एकमत झालं नाही, आणि तो संपला. उरला फक्त अडसर. पुढच्याच हंगामात, ऑगस्ट २०२५च्या सुरुवातीला, पकड पहिल्यांदाच ६ लाख २० हजारांना टेकली आणि मासेमारी हंगामाच्या मध्येच थांबवावी लागली. ‘मर्यादा पाळली, व्यवस्था चालली’ असं तेव्हा म्हटलं गेलं. पाळली गेली ती ट्रिगर पातळी. ती कुठून भरली, हे विचारणारा नियम त्या हंगामात नव्हता.

नवा हंगाम दरवर्षी १ डिसेंबरला सुरू होतो. त्याच महिन्यात द्वीपकल्पावर ॲडेलीची पिल्लं अंड्यातून बाहेर पडत असतात.