मनोसाहाय्यक श्वान

आघातोत्तर तणाव विकार (पीटीएसडी) जडलेल्या माजी सैनिकाला ठरावीक लक्षणांच्या वेळी मदत करण्यास शिकवलेला कुत्रा. नुसत्या सोबतीसाठी पाळलेला कुत्रा या संज्ञेत बसत नाही.

उगमाबाबत एकमत नाही. काही अभ्यासक ही प्रथा जर्मनीतील ओल्डेनबुर्ग येथे १९१६ मध्ये निघालेल्या शाळेशी जोडतात. पण तिथे दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी वाटाडे कुत्रे तयार होत. न्यूयॉर्कजवळील पॉलिंगच्या लष्करी आरोग्यधामात १९४४ च्या सुमारास वैमानिकांजवळ कुत्रे ठेवले जात, तेही मुख्यतः विरंगुळ्यासाठी. पहिल्या महायुद्धात ‘शेल शॉक’ म्हटल्या गेलेल्या व्याधीशी नाते असलेला हा विकार आजच्या नावाने मनोविकारांच्या अमेरिकन वर्गीकरणात आला तो १९८० मध्ये. त्यामुळे इराक-अफगाणिस्तान युद्धांनंतरच ही प्रथा खऱ्या अर्थाने आकाराला आली, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

दुःस्वप्नातून जागे करणे, घाबरगुंडी उडाल्यास अंगावर भार देऊन पडून राहणे, गर्दीत मालकाच्या पाठीशी उभे राहून अंतर राखणे ही या कुत्र्याची मुख्य कामे. अमेरिकेत २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १५६ जणांच्या अभ्यासात कुत्रा मिळालेल्यांची लक्षणे तीन महिन्यांनी प्रतीक्षायादीतल्यांपेक्षा सौम्य आढळली. मात्र हे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. कुत्रा हा औषधोपचाराला पर्याय नव्हे.

खानदेशाचा फौजेशी संबंध जुना. ब्रिटिश अधिकारी जेम्स औट्रम यांनी येथे भिल्ल पलटण उभारली ती १८२५ मध्ये. कामाचा कुत्राही इथे नवा नाही. धुळे जिल्ह्यातील ठेलारी मेंढपाळांच्या वाड्यावर (तळावर) तो मेंढरे राखतो. पण राखणीच्या कुत्र्याचे गुण मनोसाहाय्यक श्वानात दोष ठरतात: परक्यावर भुंकणारा, धावून जाणारा कुत्रा या कामातून बाद होतो. सारंगखेड्याच्या यात्रेत किंवा आठवडे बाजारात पाठीशी उभा राहणारा कुत्रा मालकाचे रक्षण करत नसतो. मागे कोणी खेटणार नाही एवढीच हमी देतो. हा फरक न कळल्यास लोक बिचकतात आणि मोकळी जागा हवी तिथे उलट बघ्यांची गर्दी जमते.

भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत मानसिक आजार मोडतो. उपचारासाठी धुळ्यात भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो व डांबरावर पंजे भाजतात. लॅब्राडॉरसारख्या दाट केसांच्या जातीला बाहेर काढायचे ते उन्हे चढण्याआधी किंवा दिवेलागणीनंतर.