घोडा दिवसभरात जाऊन येईल तेवढंच गाव: कॅनडाच्या प्रेअरीवरच्या बालपणामागची गोष्ट

प्रेअरी म्हणजे कॅनडातली गवताळ मैदानं, आणि सस्कॅचेवान हा तिथलाच एक प्रांत. तिथल्या कुठल्याही ऐंशीच्या पुढच्या माणसाला लहानपणाबद्दल विचारा, फिरून फिरून त्याच गोष्टी निघतात. एका खोलीची शाळा, लांबून दिसणारा लाकडी एलेव्हेटर म्हणजे धान्याचं उंच कोठार, भिंतीवरचा फोन आणि त्यावर दुसऱ्यांचं बोलणं चोरून ऐकणाऱ्या बायका, गोफर पकडून मिळवलेले पैसे, आणि थंडी तर विचारूच नका. आमच्या शेजारचे आजोबा हे सगळं सांगतात, त्यांच्याशी पत्ते खेळायला येणारे दुसरे आजोबा तीनशे किलोमीटर लांबच्या गावचे, तेही हेच सांगतात, आणि मला आधी वाटायचं की म्हातारपणी सगळ्यांच्याच आठवणी सारख्या होत असतील. तसं नाहीये. ही सगळी बालपणं एकाच पट्टीने कागदावर आखलेली होती, आणि ते अगदी शब्दशः.

झालं असं की १८७० मध्ये हा सगळा मुलूख हडसन्स बे या व्यापारी कंपनीकडून कॅनडाकडे आला आणि १८७२ मध्ये डोमिनियन लँड्स ॲक्ट हा जमीनवाटपाचा कायदा झाला. सर्व्हेवाल्यांनी मॅनिटोबापासून रॉकीजपर्यंत जमिनीचे चौकोन पाडायला घेतले. सहा मैल बाय सहा मैलांची एक टाउनशिप, तिच्यात एकेक चौरस मैलाचे ३६ सेक्शन, एका सेक्शनचे चार तुकडे, एक तुकडा १६० एकरांचा. दहा डॉलर फी भरायची, तीन वर्षं दरवर्षी किमान सहा महिने तिथे राहायचं, घर बांधायचं, ठरलेले एकर नांगरायचे, की जमीन तुमची. ओढा, टेकडी, तळं काही न बघता रेघा मारलेल्या. पृथ्वी गोल असल्यामुळे उत्तरेकडे जाताना रेखांश जवळ येत जातात, त्यामुळे दर काही मैलांवर रेघा पुन्हा जुळवून घ्याव्या लागल्या, आणि म्हणून आजही इथे गाडी चालवताना तासभर नाकासमोर जाणारा रस्ता मधेच काही कारण नसताना आडवा सरकून परत सरळ होतो. मी पहिल्यांदा तिथे ब्रेक मारला तेव्हा वाटलं ठेकेदार चुकला!

आता यातली मेख कुठेय तर "तिथे राहायचं" या अटीत. आपल्याकडे गावठाण एका जागी आणि शेतं भोवती, सकाळी माणसं शेतावर जातात, संध्याकाळी पारावर येतात. इथे कायद्यानेच प्रत्येकाला आपापल्या तुकड्यावर घर बांधायला लावलं, म्हणजे सगळ्यात जवळचा शेजारी अर्ध्या मैलावर, आणि अधल्यामधल्या जमिनी रेल्वेला किंवा हडसन्स बे कंपनीला दिलेल्या असल्यामुळे बरेचदा त्याहून लांब. मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचे लोक रशियातून आले तेव्हा त्यांनी गावात एकत्र राहण्याची खास सवलत मागून घेतली, त्यांची गावं पाहिली तर आपल्याला जरा ओळखीची वाटतात. डुखोबॉर हा रशियातलाच दुसरा पंथ, ते १८९९ मध्ये सात हजारांवर आले, तेही सामुदायिक राहणारे, पण पुढे त्यांच्या बऱ्याच जमिनी सरकारने काढून घेतल्या कारण ते एकेकट्याच्या नावावर घ्यायला आणि राजाची शपथ घ्यायला तयार नव्हते. बाकी युक्रेनियन, जर्मन, स्कँडिनेव्हियन, इंग्रज सगळे आपापल्या चौकोनात एकेकटे.

आणि ही जमीन रिकामी होती असं जे आठवणींमध्ये येतं ना, ते खोटं आहे. क्री, सोटो, असिनिबोइन लोक इथलेच. त्यांचं पोट ज्यावर होतं ते बायसन, म्हणजे मोठी रानटी गुरं, १८७०च्या दशकाअखेर जवळपास संपले, भूक लागलेली, त्याच काळात सरकारशी जमिनीचे क्रमांकवार करार झाले, क्वापेल इथे १८७४ मध्ये चौथा, १८७६ मध्ये सहावा, आणि ही माणसं रिझर्व्हवर, म्हणजे त्यांच्यासाठी राखलेल्या जागांवर गेली. १८७६ च्या इंडियन ॲक्टने त्यांना त्या दहा डॉलरच्या जमिनीसाठी अर्ज करायचीही बंदी घातली, म्हणजे युरोपातून कालच आलेला माणूस अर्ज करू शकतो आणि इथलाच माणूस नाही. त्यांची मुलं एका खोलीच्या शाळेत नव्हती, ती लब्रे इथल्या सारख्या निवासी शाळांमध्ये नेली जायची, आईबापांपासून लांब. ती शाळा १८८४ ला सुरू झाली आणि १९९८ पर्यंत चालली. शेजारच्या आजोबांच्या गावापासून रिझर्व्ह बारा मैलांवर होतं आणि तिथला एकही मुलगा त्यांना नावानं आठवत नाही, हे त्यांनी स्वतःच एकदा गप्प होऊन सांगितलं.

बरं, शाळा. प्रत्येक टाउनशिपमधले ११ आणि २९ नंबरचे सेक्शन शिक्षणासाठी राखून ठेवलेले होते, ते विकून किंवा भाड्याने देऊन जो पैसा येईल तो शाळांसाठी. शाळेचं इमारत-बांधकाम मात्र लोकांनीच करायचं. चार कर भरणारे रहिवासी आणि शाळेच्या वयाची बारा मुलं असली की पाच बाय पाच मैलांच्या आतला शाळेचा जिल्हा मागता यायचा. पाच मैल का, तर मुलाला चालत नाहीतर घोड्यावर जाता आलं पाहिजे. म्हणून शाळेच्या आवारात मागे घोड्यांचा तबेला असायचाच, हे मला फार आवडतं, शाळेत सायकल स्टँड असतो तसा तबेला. मधोमध मोठी शेगडी, जवळ बसलेले भाजून निघायचे आणि खिडकीपाशी बसलेल्यांच्या दौतीतली शाई गोठायची. पहिली ते आठवी एकाच खोलीत, एकच बाई, बहुतेक वेळा तीच जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांची, नॉर्मल स्कूल म्हणजे शिक्षक घडवणाऱ्या शाळेतून नुकतीच शिकून आलेली. डबा म्हणजे चरबीचा नाहीतर सिरपचा रिकामा पत्र्याचा डबा, कडी असलेला. नाताळचा कार्यक्रम हा अख्ख्या वर्षाचा सोहळा, कारण त्या निमित्ताने वीसएक घरं एका छताखाली यायची, एरवी यायला कारणच नसायचं.

गावांचं अंतरही असंच घोड्याने ठरवलेलं. रेल्वेवाले साधारण सात ते दहा मैलांवर स्टेशन टाकत गेले, कारण शेतकऱ्याने गव्हाची गाडी भरून एका दिवसात जाऊन परत यायला हवं. नावं ठेवायलाही फार डोकं चालवलं नाही, ग्रँड ट्रंक पॅसिफिक कंपनीने तर सरळ एबीसीडी लावली. वॉट्रसच्या (Watrous) पुढे झीना (Xena), यंग (Young), झेल्मा (Zelma) असं झेडपर्यंत आलं की परत ॲलन, ब्रॅडवेल, क्लॅव्हेट! शाळेतल्या मुलांना गावं पाठ करायला मात्र सोपं गेलं असणार.

प्रत्येक स्टेशनाशी एलेव्हेटर. हे प्रकरण नीट सांगायला पाहिजे कारण फोटोत ते नुसतं उंच गोदाम दिसतं. लाकडाच्या फळ्या आडव्या एकावर एक ठेवून खिळ्यांनी ठोकलेल्या भिंती, सत्तर-ऐंशी फूट उंच. गाडी आत घ्यायची, काट्यावर वजन, मग पुढचा भाग वर उचलून गहू खाली खड्ड्यात ओतायचा. तिथून तो वर नेणारी यंत्रणा म्हणजे आपलं रहाटगाडगंच, फिरता पट्टा आणि त्याला लावलेल्या वाट्या, फक्त पाण्याऐवजी धान्य. वर गेला की नळीतून हव्या त्या कप्प्यात, आणि मालडबा आला की स्वतःच्याच वजनाने घरंगळत डब्यात. ओतताना उडणारी धूळ आणि सगळी इमारत थरथरायची तो आवाज, आजोबा हाताने टेबल हलवून दाखवतात. बापाबरोबर काट्यावर उभं राहून आपलं वजन करून घेणं ही तिथल्या पोरांची हक्काची मजा. १९३०च्या दशकात प्रेअरीवर असे साडेपाच हजारांहून जास्त एलेव्हेटर होते.

हा एवढा गहू पिकायला लागला त्यात एक धागा आपल्याकडचा पण आहे, फार कमी लोकांना माहितीये. रेड फाइफ नावाचा गहू चांगला, पण उशिरा पिकायचा आणि थंडीच्या पहिल्या फटक्यात जायचा. तर त्याचा संकर केला लवकर पिकणाऱ्या हिंदुस्थानी गव्हाशी, त्याचं नाव हार्ड रेड कलकत्ता. पुढे चार्ल्स साँडर्स या संशोधकाने १९०४ च्या सुमारास त्या रोपांमधून एकेक कणीस निवडून वेगळं केलं, आणि पिठाची परीक्षा करायला गिरणी नव्हती म्हणून दाणे तोंडात टाकून चावत बसायचा, चिकट लगदा झाला की ग्लुटेन चांगलं. त्यातून आला मार्क्विस. तो जवळपास आठवडाभर आधी पिकायचा, आणि १९२० पर्यंत पश्चिम कॅनडातला बहुतेक गहू मार्क्विसच होता. म्हणजे इथल्या पोरांच्या डब्यातल्या ब्रेडमध्ये अर्धा अंश हिंदुस्थानचा.

मग तीसचं दशक, मंदीचं आणि दुष्काळाचं. खरं म्हणजे जॉन पॅलिसरने १८५७ ते ६० फिरून सांगितलं होतं की दक्षिणेकडचा त्रिकोण कोरडा आहे, पण नंतर जॉन मॅकून नावाचा वनस्पतीशास्त्रज्ञ पावसाच्या वर्षांत आला, त्याला सगळं हिरवं दिसलं, आणि सरकारला तेच ऐकायचं होतं. १९३२ मध्ये गव्हाचा भाव बुशेलला (हे तिथलं धान्याचं माप) ४० सेंटच्याही खाली. १९३७ मध्ये सस्कॅचेवानचं उत्पन्न एकरी तीन बुशेलसुद्धा नाही, त्याच वर्षी जुलैत यलो ग्रास आणि मिडेलला ४५ अंश तापमान, कॅनडाचा हा विक्रम २०२१ पर्यंत टिकला. पेट्रोलला पैसे नाहीत म्हणून मोटारीचं इंजिन काढून पुढे घोडे जुंपायचे आणि पंतप्रधानाच्या नावाने तिला बेनेट बग्गी म्हणायचे. पूर्वेकडून मदत म्हणून खारवलेला सुका कॉड मासा आला, तो शिजवायचा कसा हेच कुणाला माहीत नव्हतं. भिजवून पाणी टाकायला सांगणारं घरात कुणी मालवणी माणूस असतं तर प्रश्न मिटला असता! त्या दशकात सुमारे अडीच लाख माणसं प्रेअरी सोडून गेली.

गोफर हा त्याच काळातला. पिकं खाणारा खारीसारखा प्राणी, नगरपालिकेसारखी जी ग्रामीण संस्था असते ती एका शेपटीला एखाद सेंट द्यायची. बिळाच्या तोंडाशी सुतळीचा फास ठेवायचा, लांब पालथं पडायचं, शिट्टी वाजवायची, डोकं वर आलं की ओढायचं. आजोबांच्या मोठ्या भावाने एका उन्हाळ्यात शेपट्यांवर बूट घेतले, आणि शेपट्या आईच्या बरणीत ठेवल्या म्हणून मारही खाल्ला.

वीज तर खूपच उशिरा आली. ग्रामीण विजेचा कायदा १९४९ चा, खांब शेतांपर्यंत पोचले पन्नासच्या दशकात. त्याआधी बॅटरीचा रेडिओ, शनिवारी रात्री हॉकीची कॉमेंट्री आणि बाकी आठवडा बॅटरी वाचवायची. ईटन्स या दुकानाचा जाडजूड कॅटलॉग हॉकी खेळताना नडगीला बांधायचा, आणि शेवटी तो संडासात जायचा. फोन एकाच तारेवर दहा-बारा घरांना, प्रत्येकाची घंटा वेगळी, दोन लांब एक आखूड अशी, पण उचलायचे सगळेच.

आणि मग अंतर बदललं. १९४४ नंतर शाळा मोठ्या युनिटमध्ये आणल्या, रस्ते झाले, पिवळ्या बसा आल्या आणि एका खोलीच्या शाळा बंद पडत गेल्या. ट्रकला सात मैल म्हणजे काहीच नाही. तरी एलेव्हेटर टिकून होते कारण रेल्वेचं धान्यभाडं १८९७ च्या क्रोज नेस्ट करारापासून बांधलेलं होतं, ते १९८३ मध्ये मोडलं आणि उरलेलं अनुदान १९९५ मध्ये संपलं, मग कंपन्यांनी मोठे काँक्रीटचे टर्मिनल बांधले, रेल्वेचे फाटे उखडले, लाकडी एलेव्हेटर पाडले. १९३६ मध्ये सस्कॅचेवानात १ लाख ४२ हजार शेतं होती, २०२१ मध्ये ३४ हजार.

मागच्या उन्हाळ्यात आजोबांना घेऊन त्यांच्या शाळेच्या जागेवर गेलो. इमारत नाहीच, फक्त कॅरागॅनाच्या झुडपांची तीन बाजूंची रांग. वारा अडवायला लावलेली ही झाडं, मुळात सायबेरियाकडची, इथे कशानेच मरत नाहीत. आजोबांनी एक शेंग तोडून दोन बोटांत दाबून फोडली आणि म्हणाले तबेला इथे होता. भोवती गहू नव्हता, मसूर होता. सत्तरच्या दशकात सस्कटूनच्या विद्यापीठात अल स्लिंकार्डने मसुराचं पीक इथे बसवलं, १९७८ मध्ये लेअर्ड नावाचं वाण काढलं, आणि आता हा प्रांत कॅनडाचा बहुतेक सगळा मसूर पिकवतो आणि त्यातला बराचसा भारतात जातो. मी हे सांगितल्यावर आजोबांनी विचारलं, तुम्ही लोक याचं करता काय? परत येताना गाडीत मी त्यांना आमटी समजावत होतो.