शेतकऱ्याच्या मनापर्यंत सरकार इतक्या उशिरा का पोचलं?

2015 साली महाराष्ट्र सरकारनं विदर्भ-मराठवाड्यातल्या 14 आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. आशा सेविकेनं घरोघर जायचं, झोप लागते का, जेवण जातं का, जीव नकोसा होतो का हे विचारायचं आणि गरज दिसली की त्या माणसाला सरकारी दवाखान्यात उपचारांपर्यंत पोचवायचं, अशी ही योजना. दिसायला साधी, पण तिच्या मागे मोठा इतिहास आहे.

1912 चा इंग्रजांचा ‘ल्युनसी अ‍ॅक्ट’, म्हणजे वेडसरपणाविषयीचा कायदा, थेट 1993 पर्यंत लागू होता. त्याचा सगळा रोख बंदोबस्तावर: कुणाला आत घालायचं, कुणाच्या हुकमानं. महाराष्ट्रात सरकारी मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चारच. ‘ठाण्याला भरती करा’ हा टोमणा मराठी माणसाला पाठ आहे, पण यवतमाळच्या आडगावात झोप उडालेल्या शेतकऱ्यानं कुठं जायचं, याला उत्तर नव्हतं.

1982 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमानं ते उत्तर कागदावर दिलं. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला शिकवायचं आणि मोजक्या औषधांनी तिथंच उपचार करायचे. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ या मानसिक आरोग्य संस्थेनं कर्नाटकातल्या बेळ्ळारी जिल्ह्यात ते करूनही दाखवलं. तरी जिल्हा कार्यक्रम सुरू व्हायला 1996 उजाडलं, आणि तोही आधी चारच जिल्ह्यांत. 2001 मध्ये तमिळनाडूत एरवाडीला साखळीनं बांधलेले 28 मनोरुग्ण आगीत जळून मेले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. चर्चा पुन्हा कोंडलेल्या रुग्णांभोवतीच फिरली.

विदर्भात तोवर आत्महत्यांचं सत्र सुरू झालेलं. त्यावर सरकारचं पहिलं उत्तर होतं मृताच्या कुटुंबाला एक लाखाची मदत. त्यासाठी प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरायचं. नापिकी होती का, कर्ज बँकेचं, सोसायटीचं की परवानाधारक सावकाराचं, वसुलीचा तगादा होता का, हे तपासलं जायचं. नातेवाइकाकडून उसने घेतलेले पैसे त्यात बसत नसत. माणूस गेल्यावर कोणते कागद पाहायचे हे ठरलं. तो असताना त्याच्याकडे कोणी पाहायचं, हे मात्र कुणाच्याच कामात नव्हतं.

मानसिक आरोग्याचं नाव काढलं की शेतकरी कार्यकर्ते बिथरत, तेही उगाच नाही. आत्महत्येला मनाचा आजार म्हटलं की कापसाचा भाव आणि सावकार दोन्ही नामानिराळे राहतात, ही त्यांची भीती. मला ती अर्धी खरी वाटते. भाव मिळाला म्हणून आधीच खचलेला माणूस आपोआप सावरत नाही. आणि नुसत्या समुपदेशनानं सातबाऱ्यावरचा बोजा उतरत नाही.

हा गुंता ज्यांनी ओळखला ते बहुतेक सरकारबाहेरचे. गोव्यातल्या ‘संगथ’ या स्वयंसेवी संस्थेनं आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांकडून नैराश्यावर उपचार होऊ शकतात हे दाखवलं होतं. तोच धागा धरून अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ हा प्रयोग झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी छोट्या बैठका घेतल्या, घरी जाऊन बोलले, अवघड रुग्ण मानसोपचारतज्ज्ञाकडे नेले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणारे सुरुवातीला 4.3 टक्के होते. दीड वर्षात ते 27.2 टक्क्यांवर गेले. आकडा अजूनही लहानच, पण आजवर कुणी विचारलंच नव्हतं त्या गावांतला.

नाशिकच्या पेठ तालुक्यात 41 आदिवासी गावांमध्ये 2013 पासून चाललेल्या ‘आत्मीयता’ या प्रकल्पानं एक पाऊल पुढं टाकलं. गावातलाच विश्वासू माणूस दुःख ऐकून घ्यायचा आणि सरकारी योजनांचा लाभ मिळवायलाही मदत करायचा. पोटाचा आणि मनाचा प्रश्न एकाच ओट्यावर. ‘प्रेरणा’त हे दुसरं अंग लंगडं राहिलं. शिवाय आशा ही मानधनावरची स्वयंसेविका. लसीकरण, बाळंतपणं, क्षयरोग, आणि आता मनाचंही रजिस्टर तिच्याच पिशवीत.

कायदाही या वाटेत आडवा होता. आत्महत्येचा प्रयत्न भारतीय दंड संहितेच्या कलम 309 खाली गुन्हा असल्यानं कीटकनाशक प्यायलेल्याला दवाखान्यात आणलं की ‘फवारताना पोटात गेलं’ असं सांगण्याकडे घरच्यांचा कल असे. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायला सांगितलं आणि त्याची काळजी घेणं सरकारचं कर्तव्य ठरवलं. दंड संहितेच्या जागी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत 309 सारखं सरसकट कलम उरलेलं नाही. मात्र लोकसेवकाला त्याच्या कामात भाग पाडण्यासाठी किंवा अडवण्यासाठी कुणी आत्महत्येचा प्रयत्न केला, तर कलम 226 खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पीकविम्यासाठी कलेक्टर कचेरीसमोर विषाची बाटली तोंडाला लावणारा शेतकरी 2017 च्या कायद्यानं रुग्ण, तर याच कलमानं आरोपी ठरू शकतो.