सातशे मुलांचा वर्ग आणि नावांची यादी

सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात ‘बायॉलॉजी १८०’ नावाचा एक कोर्स आहे. जीवशास्त्राच्या कुठल्याही शाखेकडे वळायचं तर आधी यातून पार पडावं लागतं. अनुवंशशास्त्र, उत्क्रांती, जैवविविधता, परिसंस्था असा अभ्यासक्रम आणि एका वर्गात कधी साडेतीनशे, तर कधी सातशे मुलं. एवढ्या मोठ्या सभागृहात सरांनी “कोण सांगेल?” असं विचारलं की पुढच्या रांगांतले तेच ते चार-पाच हात वर जातात आणि बाकीचे वहीत डोकं घालतात. स्कॉट फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हात वर करण्याची ही पद्धतच मोडीत काढली. प्रश्न पडद्यावर यायचा, मुलं शेजाऱ्याशी बोलायची आणि मग वर्गाच्या यादीतून कुठलंही एक नाव पुकारलं जायचं. शेवटच्या रांगेत बसलेल्यालाही सुटका नव्हती.

यादीमागे आणखी बरंच काही होतं. धडा वर्गात येण्याआधी घरी वाचायचा आणि त्यावर ऑनलाइन छोटी चाचणी द्यायची. वर्गातला बराचसा वेळ प्रश्न सोडवण्यात जायचा. दर आठवड्याला एक सराव परीक्षा. प्रश्न वर्णनात्मक, आणि उत्तरं मुलांनीच एकमेकांची तपासायची. या प्रत्येक गोष्टीला गुण होते, पण अगदी थोडे. एखादी चाचणी हुकली तर फारसं बिघडत नसे, सगळ्याच हुकवल्या तर मात्र पंचाईत. शिक्षणशास्त्रात याला कोर्सची ‘रचना’ घट्ट करणं म्हणतात. आपल्याकडच्या एखाद्या जुन्या मास्तरांनी ‘रोजचा अभ्यास रोज करून घेणं’ म्हटलं असतं.

याचा परिणाम काय झाला ते डेव्हिड हाक, फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०११ साली ‘सायन्स’ नियतकालिकात मांडलं. नापासांचं प्रमाण घटलं, सगळ्यांचेच गुण वाढले, आणि सगळ्यात जास्त वाढले ते आर्थिक वा शैक्षणिकदृष्ट्या मागे राहिलेल्या घरांतल्या मुलांचे. ही मुलं आणि इतर यांच्यातली दरी जवळपास निम्म्यावर आली, नेमकं सांगायचं तर ४५ टक्क्यांनी कमी झाली. पेपर सोपे काढले असतील, अशी शंका कोणालाही येईल. ती संशोधकांनाही आली होती. म्हणून प्रत्येक पेपरातला प्रश्न नुसतं आठवायला लावतो की विचार करायला, याचं मोजमाप त्यांनी केलं होतं आणि मुलांचे आधीचे गुणही हिशेबात धरले होते.

नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिल इथल्या पहिल्या वर्षाच्या जीवशास्त्राची गोष्ट अशीच आहे. तिथे केली होगन सुमारे चारशे मुलांना शिकवत. सारा एडी यांच्याबरोबर त्यांनी सहा सत्रांची तुलना केली. पहिल्या तीन सत्रांत मुख्यतः व्याख्यानं होती, नंतरच्या तीन सत्रांत वाचनासाठी दिशादर्शक प्रश्न, गुण असलेला गृहपाठ आणि वर्गातले उपक्रम. शिक्षिका तीच, अभ्यासक्रम तोच. कृष्णवर्णीय आणि गोऱ्या विद्यार्थ्यांच्या गुणांतलं अंतर निम्म्यावर आलं. घरातली पहिलीच पिढी कॉलेजात आलेली मुलं आणि बाकीचे यांच्यातलं अंतर तर मिटलंच.

असं का व्हावं? ज्याच्या घरात आई-वडील शिकलेले आहेत, ज्याने चांगल्या शाळेत ‘अभ्यास कसा करायचा’ हेही शिकून घेतलंय, तो व्याख्यान कंटाळवाणं असलं तरी खोलीवर जाऊन आपला आपण अभ्यास करतो. ज्याला हे कोणी सांगितलेलंच नाही, तो रंगीत पेनाने नोट्स अधोरेखित करत राहतो आणि पहिल्या परीक्षेत आपटतो. घट्ट रचनेच्या कोर्समध्ये अभ्यासाची रीत कोर्सच शिकवतो.

अधोरेखित करण्यावरून एक प्रयोग सांगायला हवा. २००६ साली सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात (सिएटलच्या नव्हे) हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी तो केला. विद्यार्थ्यांना छोटे वैज्ञानिक उतारे दिले. काहींनी उतारा चार वेळा वाचला, काहींनी एकदाच वाचून पुढचे तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारल्यावर वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांच्या लक्षात ४० टक्के उरलं होतं आणि आठवणाऱ्यांच्या ६१. परीक्षेच्या आदल्या रात्री गाईड पालथं घालणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी चांगले गुण का मिळतात आणि पुढच्या वर्षी सगळं कोरं का होतं, याचं उत्तर या चार आकड्यांत आहे.

जीवशास्त्रात हे जास्तच बोचतं, कारण पहिल्या वर्षाचं जीवशास्त्र संज्ञांनी ठासून भरलेलं असतं आणि संज्ञा पाठ झाल्या की विषय समजला असं वाटू लागतं. प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण बारावीच्या कुठल्याही मुलाला घडाघडा येतं. त्यालाच विचारा: बीपासून शंभर किलो सुकं लाकूड तयार झालं, ते वजन आलं कुठून? ‘मातीतून’ असं उत्तर हमखास येतं. बेल्जियममधल्या व्हॅन हेल्माँट यांनी सतराव्या शतकात हे तपासलं होतं. सुकवून तोललेल्या २०० पौंड मातीत त्यांनी ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड १६९ पौंडांवर गेलं आणि माती घटली जेमतेम दोन औंस. त्यांनी श्रेय पाण्याला दिलं, तेही चुकलंच. सुक्या लाकडाचं जवळपास निम्मं वजन कार्बनचं असतं, आणि तो सगळा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतो. समीकरणात हे डावीकडे पहिल्याच जागी लिहिलेलं असतं, तरी हवेतून लाकूड होतं हे मनाला पटत नाही. अशा ठिकाणी सरांनी आणखी एकदा समजावून फरक पडत नाही. मुलाने आधी ‘माती’ असं उत्तर देऊन अडकायला हवं.

अडकल्यावर शेजाऱ्याशी बोलून खरंच काही होतं का? की हुशार मुलगी उत्तर सांगते आणि बाकीचे माना डोलावतात? कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या अनुवंशशास्त्राच्या वर्गात मिशेल स्मिथ आणि सहकाऱ्यांनी हे फार नेटकेपणाने तपासलं. वर्गात सुमारे ३५० जण, प्रत्येकाच्या हातात उत्तर नोंदवायचा क्लिकर. आधी एकट्याने उत्तर द्यायचं: सरासरी ५२ टक्के बरोबर. मग बरोबर उत्तर न सांगता चर्चा करू द्यायची आणि तोच प्रश्न पुन्हा विचारायचा: ६८ टक्के. इथपर्यंत नक्कल म्हणता येईल. खरी मेख तिसऱ्या पायरीत होती. तीच संकल्पना, पण वेगळ्या रूपातला दुसरा प्रश्न, आणि पुन्हा एकट्याने उत्तर: ७३ टक्के. अशा १६ प्रश्नजोड्यांवर हा प्रयोग झाला. आकडेवारीवरून असंही दिसलं की गटात सुरुवातीला एकालाही उत्तर येत नसताना काही गट चर्चेतून बरोबर ठिकाणी पोहोचले होते.

२०१४ साली फ्रीमन यांच्या गटाने विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र केले. निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी ३३.८ टक्के मुलं नापास होत होती, मुलांकडून काम करून घेणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के. एखाद्या औषधाच्या चाचणीत असा फरक दिसला असता तर चाचणी मध्येच थांबवून सगळ्यांना औषध सुरू केलं असतं, अशा अर्थाचं विधान त्या लेखात आहे. थोडं नाटकी आहे, पण चुकीचं नाही.

तरीही ‘गटचर्चा घेतली की झालं’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी टेसा अँड्र्यूज आणि सहकाऱ्यांचा २०११ मधला अभ्यास जरूर वाचावा. आधीचे बहुतेक प्रयोग शिक्षणसंशोधनात मुरलेल्या प्राध्यापकांनी आपल्याच वर्गात केलेले. यांनी अमेरिकेतले जीवशास्त्राचे प्राथमिक कोर्स यादृच्छिकपणे निवडले, नैसर्गिक निवडीवर चाचणी घेतली, आणि ‘आम्ही सक्रिय अध्ययन वापरतो’ म्हणणाऱ्यांच्या वर्गात वेगळी प्रगती काही दिसली नाही. क्लिकर विकत घेऊन ‘ऑस्मॉसिसची (म्हणजे पेशीच्या पडद्यातून होणाऱ्या पाण्याच्या ये-जा करण्याची) व्याख्या कोणती?’ एवढंच विचारायचं असेल तर व्याख्यान काय वाईट? प्रश्न असा हवा: तांबड्या रक्तपेशी डिस्टिल्ड वॉटरमध्ये टाकल्या तर काय होईल, ०.९ टक्के सलाइनमध्ये काय होईल, आणि का? असे प्रश्न तयार करायला वेळ लागतो, आणि तो वेळ कोणाच्या वर्कलोडमध्ये धरला जात नाही.

आपल्या एफवायच्या वर्गांना यातलं काय घेता येईल? क्लिकर नसले तरी अडत नाही, चार रंगांचे कागद चालतात. इंटर्नलचे गुण तर आधीपासून आहेत. मात्र ते एकमेकांची असाइनमेंट उतरवून काढण्यावर जातात की दर आठवड्याच्या दहा मिनिटांच्या चाचणीवर, हे खूपदा एकेका शिक्षकाच्या हातात असतं. सत्रअखेरचा पेपर ‘टीपा लिहा’ आणि ‘फरक स्पष्ट करा’ यांच्यातच फिरत राहिला तर मात्र मुलं चाचण्यांना वैतागतील, आणि ते बरोबरच असेल.

वैतागतील तशीही. हार्वर्डमध्ये लुई डेलॉरिए आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली भौतिकशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या मुलांवर याचाच प्रयोग केला. एका तासाला उत्तम व्याख्यान, दुसऱ्याला स्वतः प्रश्न सोडवायचे. चाचणीत जास्त गुण प्रश्न सोडवणाऱ्यांना मिळाले, पण ‘आज भरपूर शिकलो’ असं व्याख्यान ऐकलेल्यांना जास्त वाटलं. ओघवतं बोलणं ऐकताना सगळं कळतंय असं वाटतं आणि स्वतः सोडवताना दमछाक होते. फीडबॅक फॉर्मवर नोकरी अवलंबून असलेल्या तरुण प्राध्यापकाने यातून कोणता मार्ग निवडावा, हे सांगायला नको. हार्वर्डच्या मंडळींनी उपाय साधा केला: सत्राच्या सुरुवातीलाच हे निष्कर्ष विद्यार्थ्यांसमोर मांडले आणि मेहनत का वाटणार आहे ते सांगून टाकलं. सत्र संपेपर्यंत बहुतेकांचं या पद्धतीबद्दलचं मत सुधारलं होतं.